पहारा उठल्यावर: वजन कमी करताना घरच्यांची मदत नेमकी कुठे कामी आली

हे प्रकरण संबंधित बाईंच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचा उल्लेख ‘क.’ असा केला आहे.

पार्श्वभूमी

क. यांचं वय 46. हिशेबाचं बैठं काम, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. घरात नवरा, सासूबाई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि शाळकरी मुलगा. उंची 164 सेंटिमीटर, वजन 92 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं मोजमाप) 34 च्या थोडा वर. जिना चढताना गुडघे दुखायचे. ते दाखवायला डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हा सोबत रक्ताच्या तपासण्याही झाल्या. थायरॉइड ठीक निघालं, रक्तदाब किंचित वर, आणि एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, 6.1 टक्के. हा आकडा 5.7 ते 6.4 च्या पट्ट्यात असला की त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं, आहाराचा एक छापील कागद दिला आणि तीन महिन्यांनी बोलावलं.

क. यांचा हा पहिला प्रयत्न नव्हता. आधीचे सगळे प्रयत्न त्यांनी गुपचूप केले होते. कारण अगदी सरळ होतं: जमलं नाही तर कोणाला कळणार नाही. प्रत्येक वेळी दोन-अडीच महिन्यांत गाडी रुळावरून घसरायची आणि खरंच कोणाला कळायचं नाही. म्हणून या वेळी त्यांनी नेमकं उलट केलं. घरच्यांना, बहिणीला, ऑफिसातल्या सगळ्यांना एकदमच सांगून टाकलं: “मी वजन कमी करतेय, मला मदत करा.”

या प्रकरणातला हा पहिला निर्णय. सांगण्याचा विचार योग्यच होता. अडचण ‘मदत करा’ या दोन शब्दांमुळे झाली. मदत म्हणजे काय, हे ज्याचं त्याने ठरवलं.

मदत सुरू होते

नवऱ्याने फ्रिजवर तक्ता लावला. रोज सकाळी वजन, तारखेसह, उतरलं तर निळ्या पेनने आणि चढलं तर लाल पेनने. मुलीने फोनवर कॅलरी मोजायचं ॲप टाकून दिलं आणि रात्री त्यातल्या नोंदी तपासायला लागली. बहीण रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या आहारपद्धतीचा व्हिडिओ पाठवायची. सोमवारी सांगितलेलं गुरुवारी खोटं ठरायचं. ऑफिसात उत्साहाच्या भरात तीन महिन्यांची स्पर्धा जाहीर झाली. जो सर्वांत जास्त किलो उतरवेल तो विजेता, आणि क. यांचं नाव पहिलं. सासूबाईंना या सगळ्याची काळजी वाटू लागली. सून आजारी पडेल असं वाटून त्या ताटात आग्रहाने वाढायच्या आणि नको म्हटलं की गप्प व्हायच्या.

यातल्या एकाचाही हेतू वाईट नव्हता. पण मदत करणाऱ्यांचं स्वतःचं एकही काम वाढलं नव्हतं. सगळी मेहनत क. यांची, बाकीच्यांकडे देखरेख.

पहिल्या दोन आठवड्यांत वजन 92 वरून 89.7 वर आलं. घरात आनंदीआनंद. तिसऱ्या आठवड्यात तक्त्यावर 89.9 लागलं, लाल पेनने. नवरा हसत म्हणाला, “काय गं, रात्री चोरून खातेस की काय?” मुलीने ॲप उघडून विचारलं, “आई, मंगळवारी संध्याकाळचं काहीच लिहिलं नाहीयेस.” घरात जणू चौकशी समितीच बसली.

त्या आठवड्यात क. यांनी काहीही चोरून खाल्लं नव्हतं. सुरुवातीला उतरलेल्या वजनात बराच भाग पाण्याचा असतो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं कमी झालं की हा साठा आधी आटतो, पाणी निघून जातं आणि काटा झरझर उतरतो. तो टप्पा संपला की चरबीचा संथ हिशेब सुरू होतो. त्यात मीठ, मासिक पाळी, पोट साफ होणं-न होणं यांमुळे रोज किलोभर इकडे-तिकडे होऊ शकतं. ही गोष्ट पहिल्याच दिवशी कोणी सांगितली असती, तर लाल पेनची गरजच पडली नसती.

त्या रात्री सगळे झोपल्यावर क. यांनी खरोखर चोरून खाल्लं. पुढच्या पंधरवड्यात तक्त्यावर वजन लिहिणंच थांबलं. नवऱ्याला वाटलं, बायकोने नाद सोडला. पाचव्या आठवड्यात त्या माझ्याकडे आहार-सल्ल्यासाठी आल्या तेव्हा तो तक्ता घडी घालून पर्समध्ये होता. “हा घरात नको होता, आणि फेकवतही नव्हता,” त्या म्हणाल्या.

समोरचे पर्याय

चार वाटा होत्या. चारही आम्ही कागदावर मांडल्या.

पहिली, पुन्हा एकटीने आणि गुपचूप. क. यांचा ओढा तिकडेच होता. पण हा मार्ग याआधी कुठे जाऊन थांबला होता, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. शिवाय आता सगळ्यांना सांगून झालं होतं. सांगितलेलं परत घेता येत नाही.

दुसरी, अनोळखी लोकांचा नियमित भेटणारा गट. या कल्पनेला जुनी परंपरा आहे. जीन निडेच या न्यूयॉर्कमधल्या गृहिणीने 1961 मध्ये मैत्रिणींना घरी बोलावून एकमेकींच्या खाण्याबद्दल मोकळेपणी बोलायला सुरुवात केली आणि त्यातूनच 1963 मध्ये वेट वॉचर्स ही कंपनी उभी राहिली. गटाचा फायदा असा की समोरच्यालाही तीच अडचण असते, त्यामुळे लाज कमी वाटते. पण क. यांना संध्याकाळी घराबाहेर पडणं शक्य नव्हतं, आणि पडल्या असत्या तरी घरातला तक्ता तसाच राहिला असता.

तिसरी, औषधं. भूक कमी करणारी आठवड्याची इंजेक्शनं आता उपलब्ध आहेत, आणि मधुमेहपूर्व अवस्थेत मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीचाही विचार होतो. हा निर्णय डॉक्टरांचा, त्यामुळे क. यांनी त्यांच्याशी बोलून घेतलं. ठरलं असं की सहा महिने जीवनशैलीवर नेटाने काम करायचं, मग पुन्हा बघायचं. या ठरण्याला भक्कम आधार होता. अमेरिकेतल्या डायबिटीज प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या चाचणीत 3,234 जण होते. 2002 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार खाणं आणि चालणं बदलणाऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं, तर मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटात 31 टक्क्यांनी. उद्दिष्टही झेपण्याजोगं होतं: वजनाच्या 7 टक्के घट आणि आठवड्याला 150 मिनिटं हालचाल. मला यातली दुसरी एक बाब जास्त बोलकी वाटते. 24 आठवड्यांच्या अखेरीस 7 टक्के गाठणारे निम्मेच होते. तरीही एकूण गटाला एवढा फायदा झाला.

चौथी वाट, माणसं तीच ठेवायची आणि त्यांची कामं बदलायची. याला पाठबळ देणारा एक अभ्यास विंग आणि जेफ्री यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केला होता. एकट्याने येऊन वजन कमी करण्याचा नेहमीचा कार्यक्रम घेतलेल्यांपैकी 76 टक्क्यांनी तो पूर्ण केला आणि 24 टक्क्यांनी उतरलेलं वजन पुढचे सहा महिने पूर्णपणे टिकवलं. तीन मित्र-नातेवाईक घेऊन आलेल्या आणि शिवाय एकमेकांना साथ कशी द्यायची हेही शिकवलेल्या लोकांत हेच आकडे 95 आणि 66 टक्के होते. फरक मोठा आहे, पण तो सावधपणे वाचायला हवा. तीन मित्रांना सोबत आणू शकणारा माणूस मुळातच वेगळ्या परिस्थितीतला असू शकतो. माझ्या लेखी महत्त्वाचा भाग ‘शिकवलेल्या’ हा. नुसते मित्र असून भागत नाही.

चौथी वाट निवडली.

आधी एक आठवडा फक्त नोंदी

बदल करण्याआधी आठवडाभर क. यांनी एका छोट्या वहीत खाल्लेलं लिहिलं. कॅलरी नाहीत, फक्त काय, कधी, कुठे, आणि बसून की उभ्याने. ती वही कोणी बघायची नाही असं ठरलं होतं.

बसून खाल्लेल्या जेवणांत फारसं वावगं नव्हतं. घोटाळा उभ्याने खाण्यात होता. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की ओटा आवरताना मुलाच्या ताटातलं उरलेलं, पातेल्याच्या तळाशी राहिलेला घास, डब्यात भरता भरता तोंडात टाकलेलं काहीतरी. “एवढ्याशासाठी वेगळा डबा कशाला भरायचा?” हे वाक्य वहीत जवळजवळ रोज होतं. या खाण्याला ताट नव्हतं, म्हणून ते ॲपमध्ये कधी गेलंच नाही, क. लपवत होत्या असं नव्हे, त्यांच्या लेखी ते जेवण नव्हतंच. दुसरी वेळ ऑफिसातली, दुपारी चारच्या सुमाराची. ती भुकेपेक्षा कंटाळ्याची होती.

म्हणजे अडचणीच्या जागा दोनच निघाल्या. मदत तिथेच हवी होती, आणि नेमक्या त्या दोन्ही वेळी मदत करणारं कोणी जवळ नसायचं.

कामांची वाटणी

एका भेटीला घरच्या सगळ्यांना बोलावलं. नियम एकच ठेवला: मदत म्हणजे स्वतः करायचं काम. क. यांनी काय केलं याची विचारपूस मदतीत मोडत नाही.

नवऱ्याला वाटलं होतं की त्याला बोल लावले जाणार. तसं झालं नाही. रात्री जेवणं झाल्यावर ओटा आवरायचं काम त्याच्याकडे आलं. जेवण झालं की क. स्वयंपाकघराबाहेर. त्याने पहिल्यांदा विचारलं, “आणि वजनाचं काय?” क. म्हणाल्या, “वजन माझं आहे. मला वाटेल तेव्हा सांगेन.” थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग तो म्हणाला, “बरं, पण डबे कुठे असतात ते दाखव.” मला वाटतं, अख्ख्या प्रकरणाला वळण मिळालं ते इथे.

मुलीने ॲप काढून टाकलं आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाक अंगावर घेतला. बहिणीने व्हिडिओ थांबवले आणि रविवारी फोन करायचं ठरलं. खाण्याचा विषय क. यांनी काढला तरच. सासूबाईंशी बोलणं सर्वांत नाजूक होतं. त्यांना ‘आग्रह करू नका’ म्हणणं म्हणजे त्यांची माया नाकारण्यासारखं झालं असतं. म्हणून क. यांनी त्यांच्याकडेच काम मागितलं: “आई, माझं ताट तुम्ही वाढा. आधी भाज्या, मग डाळ, बाकीचं शेवटी. आणि मी दुसऱ्यांदा मागितलं तर तेही तुम्हीच वाढा.” आग्रहाची जागा जबाबदारीने घेतली. सासूबाईंनी ते काम इतकं मनावर घेतलं की पुढे घरातली सगळीच ताटं त्याच क्रमाने वाढली जाऊ लागली.

ऑफिसातली स्पर्धा क. यांनी सोडली. कारण देण्याच्या भानगडीत न पडता एवढंच सांगितलं: “मला किलोंची शर्यत नको, पण दुपारी कोणी चालायला येत असेल तर मी आहे.” एक मैत्रीण तयार झाली. आठवड्यातून तीन दिवस दुपारच्या सुट्टीत अर्धा तास, आणि चारच्या सुमाराला खायला दोघींचा मिळून एक डबा, फळं आणि मूठभर दाणे.

तक्ता गेला. वजन आठवड्यातून तीनदा, नोंद फक्त वहीत, आणि आम्ही बघायचो ती त्या तिघांची सरासरी. उद्दिष्ट सहा महिन्यांत 7 टक्के, म्हणजे साडेसहा किलोच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सुचवते. तिथपर्यंत पोचायला क. यांना जवळजवळ तीन महिने लागले. स्नायूंसाठी खुर्चीतून उठ-बस आणि भिंतीला हात टेकून केलेले दंड एवढंच.

मैत्रिणीने सुरुवातीला सांगितलं होतं की 21 दिवसांत सवय लागते. 22 व्या दिवशीही अंगावर आलं, तेव्हा क. यांना वाटलं आपल्यातच काही कमी आहे. लंडनमध्ये झालेल्या सवयींवरच्या एका अभ्यासात (2010 मध्ये छापून आला) एखादी कृती अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवसांचा निघाला होता. कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणाचा अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. हे कळल्यावर त्यांनी दिवस मोजणंच सोडलं.

दोन धक्के

चौथ्या महिन्यात मैत्रिणीची बदली झाली. दोन आठवड्यांत चालणं जवळपास बंद. नवरा म्हणाला, मी येतो संध्याकाळी. चार-पाच वेळा गेलेही. तो भरभर चालणारा, क. मागे राहायच्या, आणि ‘जरा पाय उचल’ ऐकलं की जुना तक्ता डोळ्यांसमोर यायचा. त्यांनी ते लवकर थांबवलं. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय होता: चांगला नवरा चांगला चालसोबती असेलच असं नाही, आणि ओटा आवरण्याची त्याची मदत त्यासाठी पणाला लावण्यात अर्थ नव्हता. शेवटी मार्ग मैत्रिणीनेच काढला. दोघी आपापल्या गावी दुपारी त्याच वेळी बाहेर पडायच्या आणि फोनवर बोलत चालायच्या.

दुसरा धक्का आठव्या महिन्यातला. सासूबाई रुग्णालयात. रात्रीचं जागरण, कँटीनचं खाणं, चालणं शून्य. त्या महिन्यात दोन किलो परत चढले. अशा वेळेसाठी आम्ही आधीच ‘किमान’ ठरवून ठेवलं होतं: वहीत रोज एक ओळ, आणि जे खायचं ते बसून. त्यातली वही टिकली. बसून खाणं टिकलं नाही. पण वही चालू राहिल्यामुळे सासूबाई घरी आल्यावर पुन्हा सुरुवात करणं हा वेगळा सोहळा झाला नाही, पुढच्या पानावर लिहिणं एवढंच काम उरलं.

निष्पत्ती

सहा महिन्यांच्या अखेरीस सरासरी वजन 86.4. म्हणजे ठरवलेल्या 7 टक्क्यांच्या थोडं अलीकडे. डॉक्टरांनी औषधांचा विचार आणखी पुढे ढकलला. वर्षाअखेर, मधली चढ-उतार धरून, 85.3, सुरुवातीच्या वजनाच्या 7.3 टक्के कमी. एचबीए1सी 5.8, म्हणजे अजून त्याच पट्ट्यात, पण खालच्या टोकाला. रक्तदाब होता तसाच राहिला. दोन मजले न थांबता चढता येतात. गुडघेदुखीच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो असं दिसलं होतं, क. यांना तो आकडा सांगायची वेळ आली नाही, गुडघ्यांनी आधीच कळवलं होतं.

बीएमआय अजूनही 31 च्या वर आहे. ऑफिसातल्या स्पर्धेचा विजेता 11 किलो उतरवून जिंकला होता, आणि कोणीतरी ते क. यांना ऐकवलंच.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांना एकाच दिवशी सांगण्याऐवजी आधी वही, मग घोषणा, हा क्रम जास्त बरा ठरला असता. अडचण कुठे आहे हेच माहीत नसताना मागितलेली मदत भलतीकडे जाते. डॉक्टरांच्या त्या छापील कागदावरही काय खावं याची यादी होती, पण पहिल्या पंधरवड्यातल्या पाण्याबद्दल ओळही नव्हती. काटा पुढे थबकणार आहे हे घरच्यांना आधी माहीत असतं, तर तिसऱ्या आठवड्यातला प्रसंग टळू शकला असता.

मुलीकडे दोन संध्याकाळचा स्वयंपाक देणं दिसायला छान होतं. परीक्षेच्या काळात तो तिच्या गळ्यात पडला, आणि ती बोलली नाही कारण ‘आईच्या तब्येतीसाठी’ होतं. मुलांना दिलेल्या कामाला शेवटची तारीख असावी. त्याच वेळी मुलाला काहीच काम दिलं नव्हतं. स्वतःच्या ताटात हवं तेवढंच वाढून घेणं हे सहज त्याच्याकडे देता आलं असतं, आणि ताटात उरणारे घास तिथेच कमी झाले असते.

चालण्याची सगळी भिस्त एका मैत्रिणीवर होती. बदली कोणाच्या हातात नसते, पण दुसरा सोबती किंवा एकटीने चालायचा एखादा ठरलेला दिवस पहिल्यापासून असता तर दोन आठवडे वाया गेले नसते.

झोपेचा विषय सहाव्या महिन्यात निघाला, तोही सहज बोलता बोलता. क. जेमतेम साडेपाच तास झोपत होत्या, कारण रात्रीची शांतता हीच त्यांची स्वतःची वेळ होती. झोप कमी झाली की भूक वाढते आणि चारच्या सुमाराचा कंटाळाही. नवऱ्याने ओटा हातात घेतल्यावर मोकळी झालेली रात्रीची पाऊण तासाची वेळ झोपेकडे वळवता आली असती. ती फोनकडे गेली. सध्या काम त्यावर चालू आहे. या वेळी मदत कोणाकडे मागायची हे क. यांनी अजून ठरवलेलं नाही.